सेल्फ लागेना तेव्हा

अस्थिरोगाच्या पुस्तकांत मनगटाच्या एका फ्रॅक्चरला आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. कोपरापासून मनगटाकडे येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड टोकाशी तिरकं तुटतं, ते हे फ्रॅक्चर. आज ते बहुधा घसरून हातावर पडणाऱ्यांना होतं. पण त्याचं बारसं झालं शंभर वर्षांपूर्वी, आणि ते केलं सुरू न होणाऱ्या मोटारींनी.

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे तिच्यासमोर उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्याचा एक खटका स्टिअरिंगपाशी असे. तो मागे घ्यायला चालक विसरला, की दट्ट्या वर पोहोचण्याआधीच पेट्रोल पेटे, इंजिन उलटं फिरे आणि हँडल झटक्यानं हातावर येई. मनगट, कोपर, कधी जबडा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवर वीज पोहोचण्याआधी तिथे ऑइल इंजिन होतं. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं नाव तर गावोगावी इंजिनाला समानार्थी झालं. ते इंजिन सुरू करायला शिकवताना घरातला मोठा माणूस पहिला धडा देई तो पकडीचा: हँडल धरताना अंगठा मुठीत आवळायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटं आलं तर हात आपोआप सुटला पाहिजे.

अमेरिकेत १९०८ साली बायरन कार्टर हे मोटार-उत्पादक अशाच एका हँडलनं जखमी झाले आणि पुढे दगावले. डेट्रॉइटजवळ एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला ते थांबले होते, अशी गोष्ट सांगतात. तिच्या तपशिलांवर इतिहासकारांचे वाद आहेत, पण ती गोष्ट कॅडिलॅकच्या हेन्री लेलँड यांच्या मनाला लागली, असंही सोबत सांगितलं जातं. हँडलाशिवाय सुरू होणारी गाडी लेलँड यांना हवी होती, आणि ती करून दिली ओहायोतल्या डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांनी.

केटरिंग यांना उत्तर सापडलं ते त्यांच्या जुन्या नोकरीत. ते आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याला छोटी विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. तिला क्षणभर मोठा जोर द्यावा लागतो, मग ती विसावते. मोटारीचं इंजिन फिरवायलाही नेमकं हेच पुरेसं होतं. सतत चालणारी मोटर लावली असती तर ती गाडीत मावली नसती. क्षणभराचीच म्हटल्यावर लहान आकारात भागलं. १९११ मध्ये हा सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलवर विकायला आला.

ही शंभर वर्षांपूर्वीची हकीकत आजच्या चालकाला कामाची आहे, कारण सेल्फचा स्वभाव अजून तोच आहे. किल्ली फिरवल्यावर तो बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. स्वयंपाकघरातला मिक्सर दोन-तीन अँपिअरवर चालतो, हे लक्षात घेतलं की या ओढीचा अंदाज येतो. म्हणून सेल्फ एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. मग किल्ली मागे, आणि निदान अर्धं मिनिट थांबायचं. घाईत असलेला माणूस नेमकं उलट करतो. 'घेईल, घेईल' म्हणत तो अर्धं मिनिट सलग सेल्फ मारत राहतो. त्यात सेल्फचं वाइंडिंग तापतं, बॅटरीत उरलंसुरलं तेही जातं, आणि दोनशे रुपयांत निघालं असतं ते काम हजारांत जातं.

सेल्फ मारलेल्या त्या पाच सेकंदांत ऐकायचं असतं. जुना वायरमन बोनेट उघडण्याआधी चालकाला 'एकदा सेल्फ मारा' म्हणतो आणि कान देतो, ते उगाच नाही.

'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे त्या तालावर मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर क्षार साचून करंट अडला आहे. एकच दणदणीत 'टक' आणि पुढे शांतता, दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर. इंजिन जोरात घरघरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फ आणि बॅटरी दोघंही निर्दोष; अडचण इंधनाची, ठिणगीची किंवा चावीची. आणि काहीच आवाज नाही, तर आधी स्वतःचे पाय बघावेत. अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ऑटोमॅटिकमध्ये गिअर 'पी' किंवा 'एन'वर नसेल, बटण स्टार्टमध्ये ब्रेक दाबलेला नसेल, तरी गाडी मुकी राहते. खिशातल्या स्मार्ट चावीचा सेल संपला असेल, तर बहुतेक गाड्यांत चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरनं चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी आणावी. अशा वेळी सेल्फ मारत राहण्याचा काही उपयोग नसतो.

व्होल्टमीटर असेल तर कानाला आकड्याची साथ मिळते. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ ला ती जवळपास रिकामी असते. गाडी चालू असताना साडेतेरा-चौदाच्या वर आकडा दिसला, तर अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला डायनॅमो, आपलं काम करतो आहे.

मात्र हे सगळं ऐकण्या-मोजण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: गाडी उभी कुठे आहे?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू न होणारी गाडी ही फक्त गैरसोय. तीच महामार्गावर चहासाठी थांबून परत निघताना, किंवा घाटात बंद पडून पुन्हा पेट घेईनाशी झाली, तर प्रसंग जिवावरचा होतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. तिथे कारला ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. हा वेग म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. बंद गाडीच्या मागे पन्नास मीटरवर लावलेला लाल त्रिकोण मागून येणारी गाडी दीड सेकंदात ओलांडते. मागच्या चालकानं मान वर करून, समजून, ब्रेकवर पाय नेईपर्यंत दीड सेकंद संपलेला असतो. म्हणून अशा रस्त्यावर त्रिकोण शंभर मीटर किंवा त्याहून मागे हवा, आणि तो ठेवायला जाताना चालायचं ते कठड्याच्या बाहेरून, रस्त्यावरून नव्हे.

क्रम असा: पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लगेच चालू. गाडीत थोडा जरी वेग उरला असेल, तर ती डाव्या कडेला घ्यायची. सगळ्यांनी डाव्या दारानं उतरायचं आणि कठड्यापलीकडे, गाडीच्या पुढे नव्हे तर थोडं मागे जाऊन उभं राहायचं, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. सामान नंतर आवरता येतं. आजीला उन्हात उभं करणं बरं वाटत नाही म्हणून तिला मागच्या सीटवर बसवून ठेवणारी कुटुंबं महामार्गावर नेहमी दिसतात. त्यामागचं प्रेम खरं आहे, पण बंद गाडीतली सगळ्यांत धोक्याची जागा तीच मागची सीट असते. मग फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. शेजारून ट्रक जात असताना रस्त्याकडे पाठ करून बोनेटमध्ये डोकं घालण्यासारखी कोणतीही दुरुस्ती तातडीची नसते.

आता बॅटरी. सुरू न होणाऱ्या गाड्यांत हिचीच शक्यता आधी धरली जाते, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

शिसं आणि आम्लाची ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली, म्हणजे ती मोटारीहूनही वयानं मोठी आहे. तिच्यात सौम्य केलेलं गंधकाम्ल असतं, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते दहा टक्के मिसळलेला असेल तेव्हाच पेटतो. हायड्रोजनची पेटण्याची पट्टी चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे बोनेटखालच्या कोंदट जागेत तो कमी असो वा जास्त, एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटते तेव्हा कवचाच्या तुकड्यांबरोबर आम्ल तोंडावर उडतं.

जंपर केबल जोडण्याचा ठरलेला क्रम आहे तो या ठिणगीसाठीच. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणेला. आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला लावायचाच नाही. तो त्या गाडीच्या इंजिनावर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावायचा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा अर्थचा बोल्ट दिलेला असतो. शेवटची जोडणी होताना हमखास ठिणगी उडते. ती हायड्रोजनपासून दूर उडावी, एवढ्याचसाठी हा द्राविडी प्राणायाम. चांगली गाडी सुरू करून काही मिनिटं चालू ठेवायची, मग उतरलेल्या गाडीला सेल्फ. काढताना क्रम बरोबर उलटा.

मदतीला धावून येणाऱ्यांत महाराष्ट्रात ट्रकवाल्यांचा नंबर वरचा लागतो. त्यांचा चांगुलपणा मोठा, पण त्यांच्या ट्रकची यंत्रणा बहुधा चोवीस व्होल्टची असते. ती बारा व्होल्टच्या कारला जोडली तर बॅटरी फुटू शकते आणि गाडीतला संगणक जळू शकतो. तिथे हात जोडून नाही म्हणावं.

हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून खिशात ठेवावं. पाना अधिक टोकावर असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं आणि मध्ये अंगठी आली, तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. आम्ल डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. वाहत्या स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. बॅटरी फुगलेली, तडकलेली, पाझरणारी असेल, तर जंपर डिकीतच राहू द्यावा.

इतकं सगळं करण्यापेक्षा 'मारा धक्का' हे सोपं वाटतं, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत उतरून एसटीला धक्का मारणारे प्रवासी आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमिअर पद्मिनीही धक्क्याला आणि चोकला दाद देणारी गाडी होती. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्याबरोबर तिचे उपायही निवृत्त व्हायला हवे होते, पण ते घराघरांत वडिलांच्या सल्ल्यातून टिकून आहेत.

नव्या गाडीत धक्क्याचे हिशेब बदलले आहेत. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. मॅन्युअल पेट्रोल गाडीत वारंवार धक्के मारले, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो महागडा भाग खराब होतो. याहून गंभीर म्हणजे इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते. मग पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि कुणी चावी काढून घेतली तर ते कुलूपच होतं. उतारावर धक्का मारून सोडलेली गाडी या तीन गोष्टींसह खाली निघते. सपाट, रिकामी जागा आणि मॅन्युअल गिअर असेल, चावी ऑनवर, क्लच दाबलेला आणि गिअर दुसरा असेल, तरच धक्क्याचा विचार करावा. धक्का मारणारे लोक गाडीच्या मागे असावेत, दोन गाड्यांच्या मध्ये कधीच नसावेत.

स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फची दोन टोकं जोडून इंजिन फिरवण्याची युक्तीही याच जुन्या पोतडीतली. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती समोर वाकलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते. डिझेलनं हवा धरली म्हणून इंजेक्टरचा पाइप सैल करून बोटानं थेंब बघणं हे तर आता जीवघेणं आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात तिथे हजार-दोन हजार बारचा दाब असतो आणि ती धार कातडीतून आत शिरते. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघण्याचंही तसंच. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट खेळतात, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसानं तर त्या भागात वाकूच नये.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं दुखणं जरा वेगळं. यांतल्या बहुतेक गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर जातात. महिनोन्महिने पेट्रोलचा काटा तळाशी ठेवणाऱ्यांची गाडी एखाद्या पहाटे म्हणूनच रुसते. पण तिथे गॅसचा वास आला, तर एकही सेल्फ मारायचा नाही. दारं उघडायची, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळ्यांना घेऊन लांब जायचं. टाकीत दोनशे बारचा दाब असतो.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं आपल्याच गाड्यांत अडकून गेली. काचा खाली होईनात, दारं उघडेनात. पाणी दाराच्या उंबऱ्याशी येताच काचा खाली करून बाहेर पडायचं, गाडीचा मोह सोडायचा, हे शहराला त्या एका दिवसानं शिकवलं.

त्या पुरानंतरचे दिवसही गाड्यांना महाग पडतात, ते एका साध्या चुकीमुळे. पाण्यात उभी राहिलेली गाडी पूर ओसरल्यावर लोक सवयीनं सुरू करून बघतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, की वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो, सेल्फ जागीच अडकतो. आणि इंजिन क्षणभर जरी पेटलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. यानंतरचा धक्का विम्याचा असतो. नेहमीच्या मोटार विम्यात असं नुकसान पुराचं न धरता नंतरच्या कृतीचं धरून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. म्हणून बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवायची, फोटो काढायचे आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची. चावीला हात लावायचा नाही.

मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बॅटऱ्यांवर नकळत एक प्रयोग झाला. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती थोडा-थोडा करंट पीत राहतात. काही आठवड्यांनी किल्ली फिरवल्यावर घराघरांत तीच 'टक-टक' ऐकू आली. बंद तळघरात गाडी तासभर नुसती चालू ठेवणाऱ्यांनी स्वतःला कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यात घातलं. त्या वायूला वास नसतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणं, किंवा ते शक्यच नसेल तर उणे टोक सोडून ठेवणं, हा त्यावरचा उतारा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या वेळेआधी म्हाताऱ्या होतात, कारण उष्णता आतल्या शिशाच्या जाळ्या कुरतडते. थंडी उलट वागते. ती बॅटरी मारत नाही, पण तिचा जोर काढून घेते. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्या मराठी पर्यटकांना तिथे डिझेल गोठण्याचाही सामना करावा लागे. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं.

जंपरवर गाडी सुरू झाली की लगेच बंद करायची नाही. अर्धा-पाऊण तास सलग चालवून ती थेट बॅटरीच्या दुकानात न्यावी, कारण उतरलेली बॅटरी एकदा उठली म्हणजे बरी झाली असं नव्हे. तिथला कारागीर आधी वरचा क्षार गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुतो, लोड टेस्टर लावतो, सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळतो का ते बघतो. कोसळला तर मग बॅटरीवर छापलेला तयार होण्याचा महिना वाचतो. तीन-चार वर्षं झाली असतील, तर पुढचा प्रश्न तो विचारत नाही, नव्या बॅटरीकडे हात करतो.

तेव्हा दहा नंबरचा पाना त्याच्या हातात येतो. आधी काळ्या, उणे टोकाचा नट सैल होतो, मगच लाल. नवी बॅटरी ठेवून घट्ट करताना आधी लाल, शेवटी काळा, आणि दोन्ही टोकांवर व्हॅसलिनचं बोट. जुनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलून तो वजनकाट्यावर ठेवतो, शिशाच्या भावाप्रमाणे बिलातून तेवढे पैसे वजा करतो, आणि तिला भिंतीशी रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या बॅटऱ्यांशेजारी नेऊन ठेवतो.